ठाणे जिल्ह्याची चव कुणाची?

इंग्लंडमध्ये स्टिल्टन नावाचं एक छोटं गाव आहे. निळ्या बुरशीच्या एका प्रसिद्ध चीजला या गावाचं नाव आहे. अठराव्या शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्या या गावात थांबायच्या. तिथल्या खानावळीत हे चीज विकलं जायचं आणि प्रवाशांनी त्याला गावाचंच नाव देऊन टाकलं. १९९६ साली युरोपच्या कायद्याने या चीजच्या नावाला संरक्षण मिळालं आणि नियम ठरला, की ते फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन काउंट्यांमध्येच बनवता येईल. स्टिल्टन गाव आहे केंब्रिजशायरमध्ये. त्यामुळे आज स्टिल्टन गावात कुणी हे चीज बनवलं, तर त्याला स्टिल्टन म्हणता येत नाही.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. इंग्रज माणसाचा काउंटीवर जीव असतो आणि तो बऱ्याचदा खाण्यातून दिसतो. कॉर्नवॉलच्या पेस्टीला २०११ साली संरक्षण मिळालं, लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रेच्या पोर्क पायला २००९ साली. रटलंड ही इवलीशी काउंटी सरकारने १९७४ साली शेजारच्या काउंटीत विलीन केली, तर लोकांनी ते मनापासून कधी मान्यच केलं नाही. १९९७ साली ती परत वेगळी झाली.

हे वाचून हसू आलं असेल, तर आता आपल्या घराकडे या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा जन्माला आला. आठ तालुके तिकडे गेले, सात इकडे राहिले. तिकडे गेलेल्यांत वाडा तालुका होता. वाडा कोलम हा तांदूळ कित्येक पिढ्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून मिरवत होता. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला, तेव्हा तो पालघरचा झालेला होता. डहाणू-घोलवडच्या चिकूचं तेच. त्याला २०१६ साली मानांकन मिळालं, पालघर म्हणून. वसईची सुकेळीही गेली.

मग उरलेल्या ठाणे जिल्ह्याचं म्हणून काय राहिलं? ऑफिसात पुण्याची, कोल्हापूरची, नागपूरची पोरं आपापल्या जिल्ह्याचं नाव घेऊन काहीतरी डब्यातून आणतात. "तुमच्या ठाण्याचं काय?" असं विचारलं की आपण मिसळीचं नाव घेतो आणि गप्प बसतो. तीही मामलेदार कचेरीच्या आवारात १९४६ साली सुरू झालेल्या कॅन्टीनची. जिल्ह्याची ओळख सरकारी कचेरीच्या नावाने सांगावी लागणं, यात ठाण्याचा अर्धा इतिहास आला.

रेषा हलत राहिल्या

एक गोष्ट आधी मान्य करू. ठाणे जिल्हा म्हणून आपण जे म्हणतो, त्याचा आकार कधीच स्थिर नव्हता. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी उत्तर कोकणाचा एक मोठा जिल्हा केला. १८६९ साली त्यातून कुलाबा वेगळा झाला. पुढे पनवेल आणि कर्जत हे तालुकेही कुलाब्याला जोडले गेले. १९२० साली मुंबई उपनगर वेगळं झालं. २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून जास्त लोकसंख्येचा ठाणे हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला आणि तीनच वर्षांत तो फुटला.

१८८२ साली जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्यात 'ठाणे जिल्ह्याचं खाणं' अशी गोष्ट नाही. तिथे आहेत जाती-जमाती आणि त्यांच्या राहणीची वर्णनं. कोळी, आगरी, कातकरी, वारली, प्रभू, बेने इस्रायल, कोकणी मुसलमान, ख्रिस्ती. इंग्रज अधिकाऱ्याला प्रत्येक जात म्हणजे वेगळा कप्पा वाटायची. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने टेबलं चोख बनवली, पण टेबलांना जोडणारे धागे लिहिले नाहीत. आणि ठाण्याची चव त्या धाग्यांतच आहे असं मला वाटतं.

नकाशा पाहिला की लक्षात येतं. पूर्वेला सह्याद्रीचे उतार: शहापूर, मुरबाड. तिथे जंगल, नाचणी, वरई. मधे भाताची खाचरं. पश्चिमेला उल्हास नदी खाडीला मिळते, तिथे खाजणं, मिठागरं, मासे. या तीन पट्ट्यांत काही तासांचं चालण्याचं अंतर. जंगलातला माणूस खाडीच्या सुकटीवर जगतो, खाडीचा माणूस भाताच्या पेजेवर, आणि कल्याणसारख्या पेठेत हे सगळं एकमेकांना विकलं जातं. कल्याण हे बंदर म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनातही येतं. अदलाबदल हा इथला जुना धंदा आहे.

शेवळं: एका भाजीत दोन माणसं

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे शेवळं. मे संपता संपता पहिल्या सरी पडल्या, की कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या बाजारात फूटपाथवर आदिवासी बायका एक विचित्र दिसणारी जुडी घेऊन बसतात. सुरणाच्या कुळातल्या एका जंगली कंदाचा तो फुलोरा. पान यायच्या आधी जमिनीतून सरळ वर येतो आणि जेमतेम काही आठवडे मिळतो. जुडीबरोबर ती बाई हिरवी आंबट फळंही देते, त्यांना काकडं म्हणतात. ती घेतली नाहीत तर भाजी फुकट गेली समजा. सुरणासारखीच शेवळ्यातही घशाला खाज आणणारी स्फटिकं असतात. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि काकडांचा रस घालून शिजवायचं. आंबटपणामुळे खाज मरते.

जंगलात शेवळं कुठे उगवतं, कधी काढायचं आणि ते कुठल्या फळाने सुधारतं, हे ज्ञान ठाकूर, कातकरी, वारली बायकांचं. आणि या भाजीची प्रसिद्ध पाककृती सांगतात सीकेपी घरं: शेवळं कोलंबीत, सोड्यात, खिम्यात, नाहीतर वालात. कोलंबी आणि सोडे खाडीवरून कोळणीने आणलेले, वाल भाताच्या खाचरातला. एका पातेल्यात जंगल, शेत आणि खाडी. आता ही भाजी नक्की कुणाची? पुस्तकात ती 'सीकेपी खासियत' म्हणून येते, कारण पुस्तक लिहिणारे लोक त्या घरातले होते. जी बाई ती डोक्यावरून आणते, तिचं नाव पाककृतीत कधी येत नाही.

माझी आई मूळची घाटावरची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तिला शेवळं करायला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. कल्याण स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका मावशीने भाव करता करता शिकवलं. ठाण्यात बाहेरून आलेल्या हजारो घरांत इथलं खाणं असंच शिरलं असणार.

वालाचंही तसंच. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल येतो, वेगळं पाणी लागत नाही. भिजवा, मोड आणा, सोला, की बिरडं. आगरी घरात वाल आहे, सीकेपी घरात आहे, ब्राह्मणाच्या घरात आहे, मुसलमानाच्या घरात आहे. मसाला बदलतो, शेत तेच.

मीठ, खाजण आणि आगरी

आता खाडीकडे. 'आगर' म्हणजे मिठागर, आणि आगरी हे नाव तिथूनच आलं असं मानलं जातं. ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल, उरण, पेण या सगळ्या पट्ट्यात ही माणसं मीठ पिकवत, भात पिकवत आणि खाडीत मासे धरत. एकाच माणसाचे तीन धंदे, ऋतूप्रमाणे.

त्यांचं सगळ्यात मोठं तांत्रिक काम म्हणजे खाजण. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घालायचा. त्यात जागोजागी उघाड्या, म्हणजे झडपा. भरती आली की झडप पाण्याच्या दाबानेच बंद, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. इथे साधं भात टिकत नाही. त्यासाठी राता नावाचं लाल तांदळाचं वाण होतं, खारं पाणी सहन करणारं. काळा राता, भुरा राता अशी त्याची नावं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात याच वाणांवर पुढे काम झालं.

या रचनेची गंमत अशी, की बांध एकट्याला राखता येत नाही. एका जागी फुटला तर सगळ्यांचं शेत खारं होतं. त्यामुळे सगळा गाव मिळून बांध सांभाळायचा. १९४८ साली सरकारने खारजमिनींसाठी कायदा केला आणि पुढे बऱ्याच ठिकाणी बांध सांभाळणं सरकारी खात्याकडे गेलं.

आगरी जेवण या रचनेतून येतं. तांदळाची भाकरी, कारण शेतात भातच आहे. चिंबोऱ्या, निवट्या, बोय, कोलंबी, कारण उघाडीच्या तोंडाशी आणि खाजणाच्या चिखलात तेच मिळतं. सुकट, सुके बोंबील, कारण पावसाळ्यात होड्या बंद आणि घरात मीठ भरपूर. जिताडा पाहुण्यासाठी. 'आगरी मसाला' पाकिटात मिळतो, पण या जेवणाचा पाया मसाला नाही. पाया म्हणजे तो बांध.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घेण्याचं ठरलं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना आली. लढ्याचा इतिहास आपण जमिनीच्या भावात वाचतो. पण ज्या दिवशी खाजण भरलं, त्या दिवशी राता गेला, निवट्या गेल्या, उघाडी राखणारा माणूस बेरोजगार झाला. पैशाचा मोबदला मिळाला. जेवणाचा मोबदला कसा मोजणार?

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. चांगलंच आहे. निदान खाडी भरता येणार नाही. पण आपण फ्लेमिंगोचे फोटो जेवढे काढतो, तेवढ्या वेळा त्याच खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला आज काय मिळतं, हे विचारत नाही.

मजा म्हणजे याच काळात आगरी ओळख सगळ्यात जोरात बोलू लागली. डोंबिवलीत आगरी महोत्सव भरतो, तिथे भाकरी-सुकटीच्या स्टॉलसमोर रांगा लागतात. त्याच डोंबिवलीत फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा यजमान होती आगरी युथ फोरम. महामार्गालगत 'आगरी-कोळी' नावाची हॉटेलं आहेत. शेत होतं तेव्हा हे नुसतं 'जेवण' होतं, शेत गेल्यावर ते 'आगरी जेवण' झालं. इंग्लंडात रटलंडचं असंच झालं. नकाशावरून पुसल्यावर लोकांना ते जास्त आठवू लागलं.

कॅम्प

आता आमच्या स्टेशनवर या. विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणनंतर कर्जतच्या दिशेने पहिलं स्टेशन. पुलावर उभं राहिलं की एका बाजूला कल्याण पूर्व, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. इकडे आगरी गावठाणं, तिकडे सिंधी. जवळून वालधुनी वाहते.

दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणचा लष्करी कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख माणसांना याच बराकींत ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथल्या नव्या शहराची पायाभरणी झाली आणि नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. आजही इथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असंच म्हणतात.

विचार करा. पंजाबला आणि बंगालला फाळणीत निदान अर्धा प्रांत मिळाला. सिंध अख्खा पलीकडे गेला. सिंध्यांना भारतात स्वतःचा जिल्हा नाही, तालुका नाही, नदी नाही. सिंधू नदीतला पल्ला मासा ही त्यांची सगळ्यात प्रेमाची गोष्ट, आणि तो तिकडेच राहिला. जमिनीचा तुकडा नसलेल्या माणसांकडे 'आमचं गावचं' म्हणून सोबत आणता येण्यासारखं फार थोडं होतं: भाषा, गाणी आणि स्वयंपाक. कॅम्पातल्या बराकीत बायकांनी पापड लाटले, लोणची घातली. पुरुषांनी मिठाई, बिस्किटं, कापड विकलं.

दाल पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली पुरी आणि वर चण्याची डाळ. आज ती उल्हासनगरची सकाळ आहे. सिंधी कढी आपल्या कढीसारखी ताकाची नसते. बेसन भाजून चिंचेच्या पाण्यात उकळतात आणि त्यात गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा. सोबत भात. साई भाजीत पालक आणि चण्याची डाळ, बरोबर आंबट चुका. गवार, शेंगा, चुका आणि भात, हे सगळं इथल्याच बाजारातून. कोकी म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, दोनदा भाजलेली, दोन दिवस टिकणारी. ट्रेनने कामाला जाणाऱ्याला आणखी काय हवं? कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या सिंधी मित्राच्या डब्यातली कोकी अर्धी मीच संपवायचो.

मग प्रश्न असा, की दाल पकवान ठाणे जिल्ह्याचं पारंपरिक खाणं आहे का? पंचाहत्तर वर्षं झाली. विठ्ठलवाडीच्या आगरी, मराठी, उत्तर भारतीय सगळ्या पोरांनी ते रविवारी सकाळी खाल्लंय. 'पारंपरिक' व्हायला किती वर्षं लागतात याचा नियम कुठे लिहिलाय? पाव पोर्तुगीजांनी आणला, मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. आगरी मसाल्यातून मिरची काढली तर काय उरेल?

ठाणे शहरात तर याहून जुना दाखला आहे. १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आजही तिथे उभं आहे. बेने इस्रायल मराठी बोलतात. धर्माप्रमाणे मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून ते कालवणात नारळाचं दूध वापरतात. ते तर कोकणात दारातच. एलियाहू हनावीच्या नावाने मलिदा करतात, त्यात पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं. पोहे म्हणजे पुन्हा इथलाच भात. ज्यूंचा संदेष्टा आणि कोकणातले पोहे एका ताटात आले, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मानांकन कशाला मिळतं?

भारताचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून, पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला. त्याचा फायदा खरा आहे. वाडा कोलमचंच बघा. मूळ झिनी वाण बारीक, सुवासिक, पण उत्पादन कमी. मुंबईच्या दुकानात 'वाडा कोलम' लिहिलेल्या गोणीत वाड्याचाच तांदूळ असेल याची खात्री नसते. अशा वेळी नावावर कायदेशीर हक्क असणं वाड्याच्या शेतकऱ्याच्या कामाचं आहे. आमच्या बदलापूरच्या जांभळालाही मानांकन मिळालंय, म्हणजे उरलेल्या ठाणे जिल्ह्याकडेही एक गोष्ट आली.

पण मानांकन नावाला संरक्षण देतं, जागेला नाही. बदलापुरात घरं वाढतायत आणि जांभळाचं झाड बिल्डरच्या नकाशात बसत नाही. झाड तोडलं तर मानांकनाचा कागद काही म्हणत नाही. शिवाय मानांकन त्याच गोष्टीला मिळतं जी गोणीत किंवा पेटीत भरून विकता येते. शेवळ्याला ते कसं देणार? त्याचं शेत नाही, उत्पादक संघ नाही, आहेत फक्त जंगलात पहाटे जाणाऱ्या बायका. खाजणातल्या निवट्यांना कसं देणार?

म्हणून मला वाटतं, जिल्ह्याची चव सांगायची तर पदार्थांची यादी अपुरी आहे. ती टिकवायची असेल तर तीन जागा टिकायला हव्यात. एक, शहापूर-मुरबाडचं जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिला आहे. तो कागदावर आहे तसा रानात मिळाला, तर जूनमध्ये शेवळं बाजारात येत राहील. दोन, उरलेली खाजणं आणि खाडी. तीन, नद्या. वालधुनीच्या काठावर अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर आहे. नऊशे वर्षांहून जास्त काळ लोकांनी ही नदी नदी म्हणून वापरली आणि गेल्या काही दशकांत कारखान्यांच्या रसायनांनी आणि रंगांनी तिचा नाला झाला. ती पुढे उल्हासला मिळते आणि उल्हास खाडीला. डोंबिवलीतल्या महोत्सवात आपण ज्या चिंबोरीसाठी रांग लावतो, तिच्या घरात हे पाणी जातं.

आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या घरांचाही यात वाटा आहे. आमची इमारत जिथे उभी आहे, तिथे कधीतरी भात होता. ते बदलता येणार नाही. पण जिल्ह्याचं नाव सांगताना फक्त कचेरी आणि स्टेशन न सांगता, भाजी कुठल्या डोंगरातून आली, मासा कुठल्या खाडीतला, आणि आणणारी बाई कोण, एवढं तरी विचारता येईल. जूनमध्ये काकडांची जुडी मागून घ्या आणि भाव करू नका. ठाण्याचं काय, असं कुणी विचारलं तर सांगायला उत्तर तयार असेल.